मागचे आवाज

बिघडलेली हार्ड डिस्क लगेच गप्प होत नाही. ती टकटकत राहते. आत एक नाजूक दांडा असतो. तो फिरत्या चकतीवर झेपावतो, हवी ती खूण शोधतो, सापडली नाही की मागे येऊन आपल्या जागी टेकतो आणि पुन्हा निघतो. त्याच्या या येरझाऱ्यांचा तो आवाज. घर झोपलेलं, रस्त्यावरची शेवटची रिक्षाही निघून गेलेली, आणि टेबलावरच्या काळ्या डबीतून येणारी ती कोरडी, एका लयीतली, न थकणारी टकटक ऐकताना माझ्या मनात भीतीच्या आधी माया दाटून आली. माझंच काहीतरी कुणीतरी इतक्या चिकाटीनं शोधत होतं.

आणि ते सापडत नव्हतं.

“ताई, आता हिला परत चालू करू नका,” दुरुस्ती करणारा मुलगा म्हणाला. मला कळावं म्हणून त्यानं एक जुनी, निकामी डिस्क उघडून समोर ठेवली. आतली चकती लख्ख होती; वाकून पाहिलं तर माझाच चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावरून, डोळ्यांच्या थोडी खाली, एक बारीक गोल रेघ गेली होती. दांड्याचं टोक चकतीला टेकलं, तेव्हाचा तो ओरखडा. अशी चकती मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि वाचणारं टोक तिच्यावरून तरंगत जातं, तिला कधीच न शिवता. मधली फट अवघी काही नॅनोमीटरची; आपला केस हजारो पटींनी जाड. एवढ्याशा हवेच्या थरावर माझी कितीतरी वर्षं तरंगत होती, आणि मी मात्र त्याच टेबलाशी बसून चहा पीत होते, खिडकीतला गुलमोहर फुलताना आणि झडताना पाहत होते.

“आतलं सगळं तसंच असेल कदाचित,” तो म्हणाला. “वाचता येत नाहीये, एवढंच.”

हे वाक्य मी घरी घेऊन आले. अक्षरं जागच्या जागी आहेत, वाचणारा हात मोडला आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले असंख्य कागद रुमालांत बांधलेले आहेत. शाई शाबूत, मजकूर शाबूत, पण तो वाचू शकणारे डोळे मोजकेच. गाठ सोडून कुणी जाणता कागद उलगडत नाही, तोवर त्यातली माणसं बोलायची थांबलेली असतात. मेलेली नसतात. माझ्या डबीतली माणसंही तशीच थांबली होती, आणि त्यांच्यासाठी करण्यासारखं एकच काम माझ्या हाती होतं. काही न करणं. डबी मऊ फडक्यात गुंडाळून त्या मुलाच्या हवाली केली आणि वाट पाहू लागले.

डिस्कमध्ये फोटो होते, पत्रं होती, अर्ध्यावर राहिलेले लेख होते. पण पहाटे जाग आली की आठवायचं ते आईचं एक रेकॉर्डिंग. गोडा मसाला कसा करायचा, हे ती त्यात सांगत होती. धणे किती, तीळ किती, सुकं खोबरं किती, दगडफूल कधी घालायचं, नागकेसर कसं जपून परतायचं. हे सगळं मला येतं. दर उन्हाळ्यात मी तो मसाला करते. प्रमाण आता मुठीत बसलं आहे, धणे भाजले गेल्याचं नाकाला आधी कळतं. ज्यासाठी ते रेकॉर्डिंग केलं होतं, ते तर माझ्यापाशी आहेच. मग जीव तुटत होता तो कशासाठी?

मागच्या आवाजांसाठी.

बोलता बोलता आई गॅस बारीक करायला वळते आणि तिचा आवाज लांब जाऊन पुन्हा जवळ येतो, उलथनं कढईच्या कडेवर दोनदा आपटून ती चिकटलेले तीळ झाडते, खाली घंटागाडी येऊन आपलं गाणं लावते, कुणीतरी जिन्यावरून “थांबा हो!” म्हणत धावतं, कुकरची शिट्टी होते आणि आई वाक्य तिथंच टाकून “तीन झाल्या का गं?” विचारते, मी “दोनच” म्हणते, ती “बरं” म्हणते, आणि त्या “बरं”नंतर क्षणभर कुणीच काही बोलत नाही, नुसतं खोबरं कढईत तडतडत राहतं. यातलं काहीही कुणी मुद्दाम जपलेलं नव्हतं. ते आपसूक आलं होतं, उघड्या दारातून ऊन आत यावं तसं.

आपली आठवण सूप हातात घेऊन बसलेली असते. ती पाखडते. दाणे ठेवते, फोल उडवून लावते. वर्षं सरतात तसतसे दाणे अधिक टपोरे, अधिक चकचकीत होत जातात. माझ्या आठवणीतली आई फार शहाणं बोलते आणि नेमकं बोलते. यंत्राला पाखडणं ठाऊक नाही. त्यानं दाण्यांबरोबर सगळं फोल ठेवलं होतं, आणि मला ओढ लागली होती ती त्या फोलाची, कारण त्यातच ती “तीन झाल्या का गं?” म्हणून विचारत होती.

आईच्या माहेरी काळाचे दोनच भाग होते, पुराच्या आधीचा आणि पुराच्या नंतरचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी नारायण, शनिवार पेठांतल्या घराघरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर चिखलातून एक ट्रंक निघाली. तिच्यात पणजोबांचा एकुलता एक फोटो होता. त्याचा लगदा झाला होता. मी तो फोटो पाहिलेला नाही. तरी पणजोबांची पगडी किंचित डावीकडे कललेली, एक हात खुर्चीच्या पाठीवर, नजर कॅमेऱ्याच्या जरा वर, हे मला स्वच्छ माहीत आहे. आजीनं ते आईला सांगितलं, आईनं मला. आमच्या घरात सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला फोटो तोच. मात्र पणजोबांच्या मागच्या भिंतीवर काय होतं, ते कुणीच सांगितलेलं नाही. खुंटीवर उपरणं होतं का, कोनाड्यात समई होती का, चौकटीआड उभं राहून कुणी हसू दाबत होतं का.

ती भिंत पुराबरोबर गेली.

माझी डिस्क मात्र थोडी परत आली. धुळीचा कणही शिरू नये अशा गाळलेल्या हवेच्या खोलीत तिला उघडलं, तिच्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचा दांडा काढून तिला बसवला, आणि त्या परक्या हातानं तिला जमेल तेवढं वाचून काढलं. डिस्कवर फाईल एकीकडे असते आणि तिचं नाव, तिचा पत्ता दुसरीकडे. नेमकी ती नोंदींची जागा खरवडली गेली होती. म्हणून जे आलं ते नावागावाशिवाय आलं. फोल्डर नाहीत, तारखा नाहीत, नावाच्या जागी नुसते आकडे. कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीला लागून विजेचं बिल, त्याला लागून गणपतीपुळ्याचा समुद्र, समुद्राला लागून बाबांचा एक्स-रे, आणि लगेच पुढे दुपट्यात गुंडाळलेली, डोळेही न उघडलेली भाची. काही फोटो अर्धेच उमटले होते. वरचा भाग लख्ख, आणि एका आडव्या रेषेखाली सगळा सपाट करडा रंग.

आईचं रेकॉर्डिंग आलं नाही.

ते कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. खूप रडले. मग हळूहळू एक गोष्ट उमगली, आणि तिनं मला सावरलं. ती सकाळ पुरती होऊन गेली होती. तीळ तडतडले होते, शिट्टी झाली होती, आईनं विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. त्या सकाळीला घडायला कुठल्याही डिस्कचा आधार लागला नव्हता, आणि डिस्क मोडली म्हणून ती न घडलेली होणार नव्हती. हरवलं होतं ते पुन्हा ऐकणं. तेही मोठंच आहे. पण तेवढंच आहे.

आता रोज रात्री जेवणं आटोपली की मी त्या बिननावाच्या फाईली एकेक उघडते आणि नाशिकला दादाला फोन लावते. फोटो त्याच्याकडे गेलेला असतो. आम्ही दोघं मिळून त्याला नाव देतो. पूर्वीच्या नावांत तारीख असायची, फार तर गाव. आताची नावं लांबलचक आहेत: काकूची छत्री उलटली ती दुपार, शेंगदाणे संपल्यावरची गच्ची. नाव ठरेपर्यंत त्या फोटोच्या आजूबाजूचं कितीतरी निघतं, दादाला ठाऊक असलेलं, मला ठाऊक नसलेलं. कालचा फोटो अर्धा होता. अंगण, तुळस, आईचा हसरा चेहरा, खांद्यापर्यंतचा पदर, आणि त्याखाली करडं.

“हातात वाळवणाचं ताट आहे बघ,” दादा म्हणाला.

“नाही रे दादा, सूप होतं. मी शेजारीच उभी होते.”

“अगं, मीच तर काढला तो फोटो!”

बराच वेळ आम्ही भांडलो. मग मी दोघांचंही खरं धरलं आणि नाव टाईप केलं: आई, अंगणात, हातात ताट किंवा सूप.