बूच

मे महिन्यातला शनिवार, पहाटेचे पाच. मिनेटोंका तळ्याच्या काठी गाड्यांची रांग लागलेली, आणि प्रत्येकीच्या मागे ट्रेलरवर एक होडी झोपलेली. मिनेसोटात वॉलाय मासा धरायला आजपासून मोकळीक. (आपल्याला मिनी म्हणजे छोटं, इथल्या मूळच्या डकोटा लोकांच्या भाषेत मिनी म्हणजे पाणी. मिनेटोंका म्हणजे मोठं पाणी.)

रांग संपते तिथे काँक्रीटचा उतार तळ्यात शिरतो. उतार सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. पण एका वेळी एकाच गाडीचा.

"बाबा, सगळं इथेच उरकायचं," जावई म्हणाला. "तिकडे फक्त उतरायचं." होडीचे पट्टे सुटले, गळ, डबे, जाकिटं आत गेली, दोर बांधून झाला. पुढचा हूक मात्र पाण्यापर्यंत तसाच. तो आधी सोडला तर होडी काँक्रीटवर आपटते.

मला आमच्या वाड्यातला नळ आठवला. पाणी तासभर यायचं. घरून कळशी घासून आणणाऱ्या बायका होत्या, आणि नंबर लागल्यावर नळाखालीच चिंच-राख घेऊन बसणाऱ्याही. वाड्यात माणसं यावरूनच ओळखली जात, गोत्र नंतर.

अंधारात एकेक गाडी उलटी उतरत होती. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे पळतो. म्हणून जाणते लोक चाकाच्या तळाशी हात धरतात, मग हात जाईल तिकडे ट्रेलर जातो. उतरणाऱ्या गाडीचं तोंड रांगेकडे, म्हणून तिचे मोठे दिवे विझलेले. कुणाच्या डोळ्यांवर उजेड नाही. फक्त चाकांखालच्या वाळूची करकर, आणि मग होडी तरंगल्यावरची ती हलकी डुलकी, बाळाला पाळण्यात ठेवल्यासारखी.

परतीच्या वेळी काही शूर इंजिनाच्या जोरावरच होडी ट्रेलरवर चढवतात. पंख्याच्या झोताने काँक्रीटच्या टोकाखालची माती उकरली जाते आणि पुढच्या कुणाच्या ट्रेलरचं चाक त्या खड्ड्यात जातं. खड्डा पाडणारा तोवर घरी पोचलेला असतो.

होडीच्या बुडाशी एक बूच असतं. तळ्यावरून निघताना ते काढून आतलं पाणी सोडायचं आणि रस्त्यावर ते काढलेलंच ठेवायचं, असा मिनेसोटाचा कायदा आहे. कारण झेब्रा शिंपले. नखाएवढे, पट्टेरी, जहाजांनी तोलासाठी भरलेल्या पाण्यातून युरोपातून अमेरिकेत आले, १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात सापडले. २०१० मध्ये मिनेटोंकात. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. होडीत उरलेल्या पाण्यातून बिनबोभाट दुसऱ्या तळ्यात जातात.

आणि पाण्यात शिरताना ते बूच आठवणीने बसवायचं.

आमचा नंबर आला. गाडी उलटी खाली गेली, ट्रेलरची चाकं पाण्याला टेकली.

"बाबा, बूच?"

जबाबदारीचं काम म्हणून त्याने ते माझ्याकडे दिलं होतं. मी खिसे चाचपले. एक, दोन, आतला तिसरा. "थांब जरा, बघतो," मी म्हटलं.

तो थांबला नाही. मुकाट्याने गाडी वर घेतली, मागच्याला हात केला आणि आम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाशी जाऊन उभे राहिलो. बूच माझ्या माकडटोपीच्या घडीत निघालं.

पाण्यात उतरलो तेव्हा साडेसात वाजले होते.