शिकविणाऱ्याचा मोबदला

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत दरवर्षी नवे शिकाऊ उमेदवार दाखल होतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने त्यांच्या विद्यावेतनाची तरतूद केली असून, मालक स्वतः त्या धंद्यात जाणता नसल्यास योग्य पात्रतेचा मनुष्य त्यांच्या शिक्षणावर नेमावा, असे बंधनही घातले आहे. त्या शिकविणाऱ्या मनुष्यास मात्र यातून काय लाभते?

पुष्कळ जाणते म्हणतील, काहीच नाही. उलट हातचे जाते. आपली विद्या दुसऱ्यास दिली की आपली गरज सरली, ही भीती जुनी आहे. आणि आजच्या कंत्राटी नोकऱ्यांच्या काळात ती अगदीच निराधार आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि आमचा अनुभव निराळा आहे.

सेंट्रिफ्यूगल पंप चालू करण्यापूर्वी तो पाण्याने भरून घ्यावा लागतो, हे आमच्या हातांस वर्षानुवर्षे ठाऊक होते. एका उमेदवाराने ‘का?’ म्हणून विचारले, तेव्हा ते हातांचे ज्ञान शब्दांत आणणे भाग पडले. आतला पंखा हवेत कितीही वेगाने फिरला तरी, हवा हलकी असल्यामुळे, खालचे पाणी वर येण्याइतका दाबातील फरक पडत नाही. हे सांगता सांगता, ओढीच्या नळीत हवा शिरताच पंप पाणी का सोडतो, याचाही उलगडा त्याच सूत्राने होत गेला. काम करणारा ते एकदा शिकतो. समजावून देणारा दुसऱ्यांदा शिकतो.

दुसरा लाभ व्यवहाराचा. ज्याचे काम इतर कोणास येत नाही, तो स्वतःस अपरिहार्य समजतो. परंतु घरच्या मंगलकार्यातही त्याचा फोन वाजत राहतो. वरची जागा रिकामी झाली, तरी त्याच्या जागी बसविण्यास कोणी नाही, म्हणून तो खालीच राहतो. तेव्हा विद्या दडविणारा तिचा धनी नव्हे, पहारेकरीच होय!

तिसरा लाभ मात्र मोजता येत नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या शेतांवर व मिठागरांवर नवी मुंबई उभी राहिली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण वेचले; पुढे 12.5 टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. त्या गावांतील मुले आज कारखान्याच्या दाराशी उभी आहेत. जमिनीचा मोबदला शासनास ठरविता येतो. हातचा धंदा मात्र माणसानेच माणसास द्यावा लागतो. तो देणाऱ्यांत आपणही आहोत, या समाधानाचे मोल पगारपत्रकात कोठे मांडावे?

‘उमेदवार’ या शब्दातच उमेद आहे. ती एकट्या शिकणाऱ्याचीच असते, असे आम्हांस वाटत नाही.