नेरळ, नेरल आणि दऱ्या

गावांची नावं जुळवायचं काम माझ्याकडे वरचेवर येतं. एका यादीत नेरळ, दुसरीत नेरल. इकडे भिवपुरी, तिकडे भीवपूरी. आपल्याला बघताक्षणी कळतं. यंत्राला मात्र ‘जवळजवळ सारखं’ म्हणजे किती, ते मोजून द्यावं लागतं. ते माप रशियन गणिती व्लादिमिर लेवेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडलं: एक चिन्ह घाला, काढा किंवा बदला, कमीत कमी किती फेरफारांत एका शब्दाचा दुसरा होतो?

हे रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा हाक मारून, लिहिण्यातलं सुख मला अजून दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. शेवटची चिन्हं पाहायची. सारखी असली तर दोन्हीकडची सोडून उरलेल्या तुकड्यांना तोच प्रश्न विचारायचा. वेगळी असली तर घाला, काढा, बदला या तिन्ही वाटा तपासायच्या, सर्वांत स्वस्त निवडायची आणि त्यात एक मिळवायचा. एक शब्द संपला, की दुसऱ्यात उरलेली चिन्हं हेच अंतर. ही थांबायची जागा चोख हवी. नवीन मुलं प्रत्येक पायरी डोक्यात धरायला जातात आणि गुंततात. धाकट्या तुकड्याचं उत्तर बरोबर येणारच, असं धरून पुढे जावं.

खर्च मात्र बघावा. ‘भिवपुरी’ आणि ‘भीवपूरी’, मात्रांसकट सात-सात चिन्हं. दर वेळी तिन्ही वाटा धुंडाळल्या तर फंक्शन ७२,९५८ वेळा चालतं. त्यात वेगवेगळे प्रश्न फक्त ६४. बाकी सगळी उजळणी. आलेलं उत्तर तक्त्यात टिपून ठेवलं की ती वाचते.

खरी परीक्षा पुढे आहे. माथेरानच्या ‘दऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होतात: कुणी स्वतंत्र ‘ऱ’ वापरतं, कुणी साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारख्या, तरी अंतर भरतं दोन. आणि समुद्राच्या ‘दर्या’पासून यांतली कुठलीही ‘दऱ्या’ एकाच फेरफारावर! म्हणजे यंत्राच्या हिशेबी डोंगरातल्या दरीला तिच्या जुळ्या बहिणीपेक्षा समुद्र जवळचा. अदृश्य चिन्ह नुसतं पुसून टाकलं तर अनर्थच. दरीचा खरोखर दर्या होतो.

यात रिकर्शनचा दोष नाही. चिन्ह कशाला म्हणायचं, हे आपण त्याला सांगितलेलंच नसतं. तेव्हा मराठी मजकूर ताडून पाहणाऱ्यांनो, आधी दोन्ही शब्दांतले असे ‘र’ एकाच रूपात आणा, ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाला कमी वजन द्या आणि मगच फंक्शनला हाक मारा.