दगडाची लॉग फाइल

ऑफिसात 'डिफेक्ट' हा शब्द दिवसातून पन्नासदा कानावर पडतो. स्फटिकांचा अभ्यास करणारेही हाच शब्द वापरतात, पण त्यांच्याकडे ती शिवी नाही. गेले दोन-तीन वीकेंड या विषयात डोकं घालून बसलोय, त्यातलं थोडं तुमच्या माथी मारतो.

आमचं गाव छत्रपती संभाजीनगर, म्हणजे सगळा काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. दौलताबादचा किल्ला त्यावरच उभा, वेरूळ त्यातच कोरलेलं. या दगडात टायटॅनोमॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लोखंड आणि टायटॅनियमचं हे मिश्र ऑक्साइड, रचना 'स्पिनेल' जातीची. ऑक्सिजनचे ३२ अणू दाटीवाटीने रचायचे आणि मधल्या पोकळ्यांपैकी २४ जागांवर धातू बसवायचा: ८ जागांना चार ऑक्सिजन शेजारी, १६ जागांना सहा. ही रचना १९१५ साली एक्स-रे वापरून उलगडली. या दोन प्रकारच्या जागांवरच्या लोखंडाचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट असतं. पण दोन्ही बाजू समसमान नसल्याने वजाबाकी शून्य येत नाही. उरलेली बाकी म्हणजे दगडाचं चुंबकत्व.

लाव्हा थंड होताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवतात. चक्क लॉग फाइल! चुंबकसुई विषुववृत्ताजवळ आडवी असते आणि ध्रुवाकडे जावं तशी कलत जाते. त्यामुळे दगड कुठल्या अक्षांशावर गोठला, ते त्या कलावरून कळतं. १९५६ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी, आणि पुढे मुंबईच्या टीआयएफआरमधल्या राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे वगैरे मंडळींनी दख्खनच्या दगडातली ही नोंद वाचली. उत्तर आलं, हा दगड गोठला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता! खंड सरकतात हे तेव्हा बऱ्याच भूशास्त्रज्ञांना मान्यच नव्हतं. आज आपलं गाव जवळजवळ २० अंश उत्तरेला आहे.

पण लॉग मागाहून कुणी बदलली नाही कशावरून? इथे डिफेक्ट येतो. हवा-पाणी लागलं की लोखंडाचे दोन भाराचे आयन तीन भाराचे होतात. एकूण भार तर जुळला पाहिजे, म्हणून थोडं लोखंड जागा सोडून निघून जातं. मागे रिकामी खुर्ची. टायटॅनियम नसलेल्या मॅग्हेमाइटमध्ये २४ पैकी सरासरी २१ आणि एक-तृतीयांश जागाच भरलेल्या असतात. ढाचा मात्र तोच, म्हणून वरून काही कळत नाही. कधी जुनी दिशा टिकते, कधी तिच्यावर नंतरची चढते. मग प्रयोगशाळेत, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र पोचणार नाही अशा जागी, नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात. मागाहून चढलेलं कच्चं चुंबकत्व बहुधा आधी पुसलं जातं आणि जुनं, पक्कं शेवटी उरतं.

आणि एक. कातळातून नमुना काढण्याआधी त्यावर उत्तर दिशेची खूण करतात. ती नसेल तर आतली दिशा शाबूत असूनही निरुपयोगी.

हे वाचलं आणि आजोबांचं घर आठवलं. काळ्या दगडाचं आहे, दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. जागेवर फ्लॅट होतील, दगड कॉन्ट्रॅक्टर नेईल. काका फोनवर म्हणाले, "तुझी काही हरकत?" पुण्यात बसून मी काय हरकत घेणार! वेरूळचं कैलास आठव्या शतकात डोंगरातच कोरलं, तो कातळ जागचा हलला नाही. आमच्या भिंतीतला दगड कुठल्या खाणीतला, ते सांगायला आजोबा नाहीत. प्रत्येक चिऱ्याला आपली दिशा पाठ आहे, फक्त प्रत्येकाची वेगळीकडे.

पाडकामाआधी खडू घेऊन जाणार आहे. जोत्याच्या दोन दगडांवर उत्तरेचा बाण काढीन आणि तेवढे दोन मागून घेईन. त्यातून साडेसहा कोटी वर्षांचं काही कळणार नाही. घर कुठे तोंड करून उभं होतं, एवढं तरी राहील.