फितूर साक्षीदार

मोटार बिघडणे ही काही लेखाचा विषय व्हावी अशी घटना नव्हे. ज्याच्या घरी मोटार आहे त्याच्या घरी ती केव्हा ना केव्हा बिघडतेच, आणि बिघडली की ती कारागिराच्या स्वाधीन करून तो मोकळा होतो. मीही आजवर तेच करीत आलो. गेल्या पावसाळ्यात मात्र असा प्रसंग आला की, वकिलीची सनद घेतल्यापासून ज्या हातांनी दप्तराहून जड असे काही उचलले नव्हते, त्या हातांत मला पाना धरावा लागला. तो का धरावा लागला हे सांगायचे तर आधी माझ्या डाव्या पायाविषयी थोडे सांगितले पाहिजे.

१९८३ साली, मी दीड वर्षाचा असताना, मला पोलिओ झाला. उजवा पाय बचावला, डावा वाळला. पुढे शाळा झाली, कायद्याचे शिक्षण झाले, फोंड्याच्या न्यायालयात जम बसला. पण मोटारीतला क्लच दाबायला लागतो तो नेमका डावा पाय, म्हणून कोठेही जायचे झाले की कोणीतरी सोडायला आणि कोणीतरी आणायला हवे असे. २०१७ साली मी स्वयंचलित गिअरची एक जुनी, २०११ च्या बनावटीची मोटार विकत घेतली. तिला क्लचचे पेडलच नाही. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मी प्रथमच, कोणालाही काही न विचारता, घराबाहेर पडलो. धडधाकट माणसाला ही गोष्ट सांगून कळायची नाही. घरचे कोणी कधी नको म्हटले नव्हते. विचारावे लागत होते, एवढेच दुखत होते.

अशी ही मोटार जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी सुरू होईना. किल्ली फिरवली तर दिवे लख्ख, भोंगा खणखणीत, पण स्टार्टरचा साधा 'टक्' असा आवाजही नाही. चार-पाच वेळा खटपट केल्यावर ती एकाएकी सुरू झाली, जणू काही घडलेच नव्हते. दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. आठवडा बरा गेला. मग आईला सोमवारी मंगेशीला नेले असता परतीच्या वेळी भर पावसात गाडी मुकी झाली, आणि आम्ही मायलेक रिक्षाने घरी आलो. गॅरेजवाल्याने आता स्टार्टरवर संशय घेतला. तो उतरवून तपासला, निर्दोष निघाला. त्यातच एके दिवशी पर्वरीहून येताना फलकावरची गिअर दाखवणारी अक्षरे विझली, एक पिवळा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून कण्हत घरी पोचली. मोठ्या सेवाकेंद्रात नेली, तेव्हा तिथल्या तरुणाने यंत्र लावून सांगितले, "साहेब, दोष गिअरबॉक्सकडे दिसतो. आम्ही आतले काही उघडत नाही, पूर्ण बदलतो." खर्चाचा अंदाज एक लाख चाळीस हजार रुपये.

गाडीची किंमतच मुळी याच्या दुप्पट नसेल. त्या रात्री सौभाग्यवती म्हणाली, "अहो, मी सोडत जाईन कोर्टात. त्यात काय एवढे?" ती मनापासून बोलली होती. मला जेवण गेले नाही.

आमच्या शेजारी एक काका राहतात. वास्कोला जहाजांवर विजेचे काम करण्यात त्यांचा सारा जन्म गेला. वय पंच्याहत्तरीपुढचे. दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी माझे गाऱ्हाणे सांगितले. त्यांनी ते एखाद्या वरिष्ठ न्यायाधीशासारखे, मध्ये न बोलता ऐकून घेतले आणि म्हणाले, "वकीलबाब, गाडी केन्नाच फट उलयना. आयकुपी जाय." मग त्यांनी विचारले, ती सुरू होत नाही तेव्हा गिअरचा दांडा कोठे असतो? अर्थात 'पी'वर, मी म्हणालो. "'एन'चेर घालून पळयात."

संध्याकाळी गाडी पुन्हा मुकी झाली, तेव्हा पाय ब्रेकवर ठेवून मी दांडा 'एन'वर आणला आणि किल्ली फिरवली. गाडी तत्काळ सुरू झाली. माझ्या अंगावर काटा आला. उलटतपासणीत साक्षीदाराच्या तोंडून अनपेक्षित एक वाक्य निघून जावे आणि सगळा खटला फिरावा, तसे झाले.

काकांनी मग मला या यंत्राची कुळकथा सांगितली. तिचा आरंभ जहाजावरचा असल्याने ते सांगताना ते खुलले होते. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोघांचा मेळ घालण्यासाठी मध्ये पोलादी दात्यांऐवजी द्रवच ठेवावा, अशी युक्ती हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली काढली. तीच पुढे मोटारीत आली. अमेरिकेत १९३९ साली जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' हा पूर्ण स्वयंचलित गिअर बाजारात आणला. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल फिरत असते, म्हणून सिग्नलला गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही आणि क्लचही लागत नाही. पुढे कोणता गिअर केव्हा घालायचा ते आता संगणक ठरवतो.

परंतु संगणकाला डोळे नाहीत. चालकाने दांडा कोठे ठेवला आहे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारा एक तळहाताएवढा स्विच गिअरबॉक्सच्या बाहेरच, दांड्याची केबल ज्या शाफ्टला फिरवते त्या शाफ्टवर बसवलेला असतो. 'पी', 'आर', 'एन', 'डी' यांपैकी जी जागा असेल तिची वर्दी तो देतो, 'आर'मध्ये मागचे पांढरे दिवे लावतो, आणि केवळ 'पी' व 'एन' या दोनच जागी स्टार्टरकडे वीज जाऊ देतो. गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊन कोणाच्या अंगावर जाऊ नये, यासाठी ही योजना. हा साक्षीदार गडबडला की बॅटरी शाबूत असून गाडी मुकी राहते. आणि संगणकाला खरी वर्दी न मिळाल्यामुळे तो भिऊन एकच गिअर धरून बसतो. माझ्या गाडीची दोन्ही लक्षणे एका सूत्रात बसत होती.

तरीही मी सावध होतो. आमच्या धंद्यात परिस्थितिजन्य पुराव्याविषयी १९८४ चा शरद बिरधीचंद सारडा खटल्याचा निकाल प्रत्येकाला पाठ असतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच कसोट्या घालून दिल्या आणि फाशीची शिक्षा झालेल्या माणसाला सोडून दिले. आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कोणताही तर्क उरता कामा नये. साखळीची एकही कडी तुटकी असता कामा नये. बॅटरीला आणि स्टार्टरला आपण नुसत्या संशयावरून शिक्षा दिली होती. आता तिसऱ्याला तशी द्यायची नाही, असे मी ठरवले.

बाजारात हजारभर रुपयांत एक छोटे यंत्र मिळते. ते सुकाणूखालच्या जोडणीत खोचले की दोषाचा क्रमांक भ्रमणध्वनीवर उमटतो. उमटला तो 'पी ०७०५'. हा क्रमांक गिअरची जागा सांगणाऱ्या स्विचच्या मंडलातील दोषाचा. लक्षात घ्या, मंडलातील. म्हणजे दोष तारेत असेल, जोडणीत असेल किंवा खुद्द स्विचमध्ये असेल. ते आरोपपत्र आहे, दोषसिद्धी नव्हे. सेवाकेंद्रातल्या तरुणाने बहुधा हेच आरोपपत्र वाचले आणि थेट शिक्षा सुनावली. त्याच्या अप्रामाणिकपणाबद्दल मला काही म्हणायचे नाही. सुटे करून पाहण्याची त्याला मुभाच नव्हती, हे त्याच्या बोलण्यातच होते.

रविवारी काकांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. आधी स्टार्टरचा रिले काढून तेथे तशाच बनावटीचा दुसरा लावून पाहिला, फरक नाही. केबल सैल नव्हती. गिअरच्या तेलाची कांडी काढून पाहिली. तेल लाल, स्वच्छ, जळका वास नाही, म्हणजे आतल्या यंत्राविरुद्ध काही पुरावा नाही. मग बॅटरी आणि तिचा तबक काढल्यावर स्विच वरूनच दिसला. गाडीखाली निजावे लागणार नाही हे कळताच माझा जीव भांड्यात पडला. ते माझ्याने झाले नसते. जोडणी सोडवली तर आतल्या पितळी पात्यांवर हिरवट कळा. मल्टिमीटरच्या दोन सुया स्टार्टरच्या पात्यांना लावल्या आणि काका आत बसून दांडा हलवू लागले. 'एन'वर यंत्र अखंड वाजे. 'पी'वर कधी वाजे, कधी नाही; दांड्याला जरा हिसका दिला की वाजे, हात सोडला की गप्प. एकाच प्रश्नाला दोन उत्तरे. फितूर साक्षीदार कसा ओळखावा हे मला कोणी शिकवायला नको होते. फवारा मारून पाती साफ केली, कारण जोडणीचा संशय अजून शिल्लक होता. तीन दिवस गाडी उत्तम चालली. चौथ्या दिवशी पाऊस झोडपून आला, आणि 'पी' पुन्हा गप्प. आता साखळी पूर्ण झाली.

नवा स्विच बेळगावच्या एका दुकानातून बसने आला. किंमत चार हजार दोनशे. जुन्यावरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहिला.

बदलण्याचे काम वर्णनाला सोपे आहे. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. हे टाळता येत नाही, कारण शाफ्ट 'पी'तून निघाला की गाडीला आतून अटकाव राहत नाही. हँडब्रेक ओढायचा, बॅटरीच्या तारा सोडवायच्या. शाफ्टवरची तरफ काढायची, मधला नट काढायचा, स्विचचे दोन छोटे बोल्ट काढायचे की स्विच हातात येतो. नवा बसवताना शाफ्ट हाताने 'पी'च्या टोकापर्यंत नेऊन तेथून दोन खटके मागे आणायचा, म्हणजे तो 'एन'वर येतो. मग स्विचवरची रेघ आणि खाच एका ओळीत आणून बोल्ट बेताने आवळायचे. हे बोल्ट लहान असतात, जोर केला तर तुटतात.

मी खटके मोजायला चुकलो. शाफ्ट टोकाला नेताना जो खटका वाजला तोच मी पहिला धरला. काका त्या वेळी आत चहा घ्यायला गेले होते. सगळे जोडून झाल्यावर दांडा 'पी'वर आहे याची खात्री करून मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही. मी चिडलो. इतक्यात मागून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज आला, "बाबा, मागचे पांढरे दिवे लागले!"

ती छत्री घेऊन गाडीच्या अगदी मागे उभी होती. मागे दिवे बघायला मीच तिला सांगितले होते.

दांडा 'पी'वर आणि दिवे 'आर'चे. म्हणजे स्विच एक पायरी पुढे बोलत होता. म्हणजे दांडा 'आर'वर असता तर त्याने 'एन' अशी वर्दी दिली असती, आणि गाडी सुरू झाली असती, उलट्या गिअरमध्ये. माझा हात दांड्यावरच होता. 'पी'वर होत नाही तर इतर जागी पाहू, हा पुढचा विचार डोक्यात येऊनही गेला होता. मी किल्ली काढून खिशात टाकली, तिला पायऱ्यांवर जाऊन बसायला सांगितले आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो. ती म्हणाली, "मी काय केलं?" तिला काय सांगावे हे मला सुचले नाही.

काका आले. मी घडलेले सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "चौगांकय विचारले बगर निवाडो दिवपाचो न्हय." मग बोल्ट पुन्हा सैल केले, खटके दोघांनी मोठ्याने मोजले, रेघ जुळवली. पाय ब्रेकवर दाबून, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, चारही जागा तपासल्या: 'पी'वर सुरू, 'आर'वर नाही, 'एन'वर सुरू, 'डी'वर नाही. पांढरे दिवे फक्त 'आर'मध्ये, समोरच्या भिंतीच्या काचेत पाहून. दोषाचा क्रमांक पुसला; तो परत आला नाही.

जुना स्विच काकांनी मागून घेतला आणि रात्री सुरीने फोडला. आतली तांब्याची पट्टी 'पी'च्या जागी झिजून काळी पडली होती, आणि रबरी कडेच्या एका चिरीतून आत ओल गेली होती. दोन्ही अर्धे त्यांनी मला दाखवायला कुंपणावर ठेवले होते. मी ते उचलून आणले.

सोमवारी मोठा पाऊस होता. आईने विचारले, "आज कोण नेणार?" मी किल्ली घेतली. मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली, गाडीच्या मागून न जाता अंगणाला वळसा घालून पुढच्या बाजूने आली, आणि आत बसली.