उंबरा

‘अतिनाट्य’ हा शब्द आमच्या समीक्षकांना फार सोयीचा आहे. पुस्तकात कर्ज, खून, तुरुंग असले काही आले, माणसे जरा मोठ्याने बोलू लागली, की हा शब्द टपालाच्या शिक्क्यासारखा मारायचा आणि पुढच्या पुस्तकाकडे वळायचे. माझ्या एका कादंबरीवर तो असाच बसला. सावकाराने घर घेतलेली बाई घर सोडण्यापूर्वी त्याच घराच्या उंबऱ्यापुढची जमीन शेणाने सारवते, हा प्रसंग एका परीक्षणकर्त्यांना ‘नाटकी आणि बेतलेला’ वाटला. त्यांचा मला राग नाही. त्यांना ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, की ती बाई माझी आजी होती.

पण तेव्हापासून अतिनाट्य म्हणजे काय, हा प्रश्न डोक्यात भुंग्यासारखा राहिला. मागच्या पावसाळ्यात ‘असुंता स्पीना’ हा जुना इटालियन मूकपट पाहिला तो त्याच नादात. १९१५ सालचा. साल्व्हातोरे दी जाकोमो या नेपल्सच्या लेखकाच्या नाटकावरून घेतलेला. गोष्ट ऐकाल तर म्हणाल, हे अतिनाट्य नाही तर काय? असुंता ही लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देणारी बाई. तिचा प्रियकर मिकेले खाटीक. तो मत्सराने तिच्या गालावर सुरी ओढतो आणि गजाआड जातो. त्याला दूरच्या तुरुंगात पाठवू नये म्हणून ही कोर्टातल्या एका कारकुनाच्या आहारी जाते. मिकेले सुटून येतो तो नेमका नाताळच्या रात्री. कारकुनाचा खून होतो. पोलिस येतात, आणि असुंता सांगते, हा खून मी केला.

एवढे सगळे होते, आणि तरीही ते खोटे वाटत नाही. याचे कारण शोधावे म्हणून मी तो चित्रपट तीनदा पाहिला. (घरातल्यांनी मला वेड्यात काढले, आवाज नसलेला पिक्चर तीनदा!) असुंताचे काम फ्रांचेस्का बेर्तिनीने केले आहे, आणि दिग्दर्शनातही गुस्ताव्हो सेरेना याच्याबरोबर तिचा हात होता. मिकेले झाला आहे तो हा सेरेनाच. चित्रपट नेपल्सच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर घेतलेला. कॅमेरा सहसा जागचा हलत नाही, आणि बाई रडू लागली की तिच्या तोंडाशी धावतही नाही. तो आपला लांब, अदबीने उभा. माणसे मागच्या दारातून येतात, पुढे येतात, पाठ फिरवतात. मागे रस्त्यावर भलतेच लोक आपापल्या कामाला चाललेले असतात. बेर्तिनी दुःख दाखवते ते खांद्यावरच्या शालीने. ती शाल कधी घट्ट ओढून घेते, कधी घसरू देते. आमच्याकडे पदराचे जे काम असते ते.

थोडक्यात, प्रसंग कितीही मोठा असो, तो खऱ्या दारात घडला पाहिजे. दार खोटे असले तर साधा नमस्कारसुद्धा नाटकी वाटतो.

ही गोष्ट नेपल्सपासून हजारो कोस दूर एका मराठी माणसालाही उमगली होती, आणि तीही गंमत अशी, की तो माणूस स्वतः नाटकाचे पडदे रंगवणारा! कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. आनंदराव पेंटर या आपल्या बंधूंबरोबर त्यांनी केशवराव भोसल्यांच्या नाटक मंडळीचे पडदे रंगवले. त्या पडद्यांची वाहवा झाली. आनंदराव १९१६ साली वारले. दोघांनी मांडलेला कॅमेऱ्याचा खटाटोप बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने पुरा केला. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ दाखवला. पण चित्रपटात रंगवलेला पडदा त्यांना पुरेना. भिंत म्हणजे भिंतच हवी, तिला जाडी हवी, तिच्या कोपऱ्यात अंधार साचायला हवा. हातात एवढी कला असलेल्या माणसाने तीच कला बाजूला सारावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपट्यांची कथा. तरुण शेतकरी झाले व्ही. शांताराम. देव नाहीत, मावळे नाहीत. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो, आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच गोष्ट. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांना रमलेल्या प्रेक्षकांनी तिला थंडा प्रतिसाद दिला. १९३६ साली बाबूरावांनी तीच गोष्ट पुन्हा बोलपटात आणली. अशी जिद्द माणूस एरवी धंद्यासाठी करत नाही.

मूक ‘सावकारी पाश’ आज कुणालाच पाहता येत नाही. त्याची प्रत उरली नाही. उरल्या त्या पाहणाऱ्यांच्या आठवणी. जे. बी. एच. वाडियांना त्यातली एक उदास, अंधारी झोपडी आठवत होती, आणि रडणारे कुत्रे. चित्रपट मुका, आणि लक्षात राहिले ते कुत्र्याचे रडणे! झोपडी किती खरी असली पाहिजे, याचा अंदाज यावरून करावा.

आता मी राहतो तो भाग कॉटन ग्रीनचा. कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीच्या बाजूला भराव घालून केलेल्या जमिनीवर आला, आणि ‘सावकारी पाश’ निघाला त्याच दशकात इथे कापूसबाजाराची इमारत उभी राहिली. ती अजून आहे. कापूस गेला, गिरण्या गेल्या. १९८२च्या संपानंतर भोंगेही एकेक करून मुके झाले. पण बाबूरावांचा शेतकरी चित्रपटाच्या शेवटी जिथे पोचतो, तिथे आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांची गोष्ट सुरू होते. माझा आजा खटाव तालुक्यातून १९४८ साली आला. पहिली दोन वर्षे त्याने गोदामात लोखंडी आकड्याने कापसाच्या गासड्या ओढल्या, मग गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. जमीन कशी गेली हे तो कधीच बोलला नाही. अंगठ्याला शाई लागली की मात्र तो अंगठा बराच वेळ धोतराला पुसत बसे.

आजीने सांगितले तेही एकदाच. ती म्हणाली, किल्ली द्यायची होती त्या दिवशी तिने पहाटे उठून अंगण झाडले, उंबऱ्यापुढे सारवले, वर रांगोळीची दोन बोटे ओढली. सावकाराचा माणूस बाहेर उभा होता, त्याला ती म्हणाली, “जरा दमानं या, वलं हाय.” तो माणूस थांबला. सारवण वाळेपर्यंत थांबला, आणि मग आत आला. हे शेवटचे वाक्य मी कादंबरीत घातले नव्हते. घातले असते तर परीक्षणकर्ते काय म्हणाले असते, कोण जाणे. पण बाबूरावांनी ते नक्की घेतले असते. आणि दारापासून पंधरा हात लांब कॅमेरा ठेवून घेतले असते, त्या सारवलेल्या जमिनीवर पाय न देता.

दिवाळीच्या सुट्टीआधी सातवीच्या वर्गात एक तास मोकळा मिळाला, तेव्हा मी मुलांना ‘सावकारी पाश’ची गोष्ट सांगितली. शेतकरी गिरणीत लागला, इथे संपवली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, याचे वडील रात्री टॅक्सी चालवतात, हात वर करून म्हणाला,

“सर, मग तो राहिला कुठं?”

“काळाचौकीला,” मी म्हणालो, “एका गाळ्यात. अकरा जण होते. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा, वळकटी तीच.”

“आणि बायको?”

“ती माहेरी. मागाहून आली, दोन वर्षांनी.”

मुलगा थोडा वेळ विचार करून खाली बसला. तेवढ्यात घंटा झाली.