कुंपणाच्या आतली झाडं

शनिवार, २७ एप्रिल
इनव्हर्नेस स्टेशनवर उतरले तेव्हा लख्ख ऊन होतं. सामान व्हॅनमध्ये चढवेपर्यंत गारा सुरू. लॉक नेसच्या काठाने खाली येऊन पश्चिमेला वळलो की ग्लेनमॉरिस्टनचं खोरं लागतं. डंड्रेगन ही इथली सुमारे दहा हजार एकरांची जुनी शिकारीची इस्टेट. ‘ट्रीज फॉर लाइफ’ या संस्थेने ती २००८ साली विकत घेतली, ती स्कॉटलंडचं तुटलेलं कॅलेडोनियन जंगल परत उभं करायला. त्याच कामात आठवडाभर स्वयंसेवक म्हणून मी आले.

लेकाने लीड्सहून निघताना पुन्हा विचारलंच, “आई, गुडघे झेपतील ना?” त्याआधी त्याने सरकारी नियम वाचून खात्री केली होती की पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी तीस दिवसांपर्यंत असं काम करता येतं. गटात ग्लासगोचे एक निवृत्त बसचालक, दोन जर्मन बहिणी, लंडनची एक नर्स आणि एक डच पोरगा. सगळ्यांत मोठी मीच असेन असं वाटलं होतं, पण बसचालक सत्तरीचे निघाले.

रविवार, २८ एप्रिल
सरळ पात्याचं फावडं गवताच्या थरात उभं दाबायचं, मग एक आडवा काप, आणि दांडा मागेपुढे हलवून फट उघडायची. स्कॉट्स पाइनचं वीतभर रोप मुळं न दुमडता आत सोडायचं आणि टाचेने माती घट्ट करायची. शेवटी शेंडा हलकेच ओढून बघायचा, रोप हाताबरोबर आलं तर पुन्हा पहिल्यापासून. माती म्हणजे पीट, भिजवलेल्या सरकीच्या पेंडेसारखी काळी आणि जड. बूट आत गेला की ओढूनच काढावा लागतो.

डच पोरगा मोठ्याने मोजत होता. गटप्रमुख बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, आकडा संस्था ठेवते, तू मुळं बघ. मला त्या तिथेच आवडल्या. आपल्याकडे वृक्षलागवडीच्या फलकावर आकडा असतो, फोटो असतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप असतं.

सोमवार, २९ एप्रिल
दिवसभर पाऊस, म्हणून रोपवाटिकेत काम. अ‍ॅस्पेनची गंमत कळली. हे झाड स्कॉटलंडमध्ये क्वचितच फुलतं, त्यामुळे बी मिळायची मारामार. मग रानातल्या झाडाच्या मुळाचे तुकडे आणून ट्रेमध्ये आडवे ठेवतात, वर मातीचा पातळ थर. तुकड्यातून कोंब वर येतात. ते बोटभर झाले की ब्लेडने कापून वेगळे लावायचे, तेच रोप. मी दुपारभर कोंब कापले. कोवळी पानं तांबूस, देठ चपटा, म्हणून जरा वारा आला की सगळी पानं एकदम थरथरतात. शेजारच्या ट्रेमध्ये खुजा बर्च होता, डोंगरमाथ्यावर लावायला. मोठा होऊनही तो माझ्या कमरेपर्यंतच येणार.

मंगळवार, ३० एप्रिल
आज कुंपण. हरणं उडी मारून येऊ नयेत म्हणून पुरुषभर उंच तारेची जाळी. पण ब्लॅक ग्राउज आणि कॅपरकेली हे इथले दुर्मीळ पक्षी जमिनीलगत उडतात आणि त्याच तारांवर आपटून मरतात. म्हणून जाळीवर लाकडी पट्ट्या बांधायच्या, म्हणजे ती त्यांना दिसेल. एका उपायासाठी दुसरा उपाय.

कुंपणाच्या बाहेरही पाइनची, रोवनची पिलं उगवलेली आहेत, पण सगळी गवताच्या उंचीला छाटलेली. वाकून बघितल्यावर एकेकाचं खोड बोटाएवढं जाड दिसलं. म्हणजे वर्षानुवर्षं ती उगवतात आणि हरणं खातात. लांडगा इथून संपून अडीचशेच्या वर वर्षं झाली. मग व्हिक्टोरियन काळात शिकारीच्या शौकासाठी हरणं मुद्दाम राखली गेली. बी आहे, पाऊस तर नको इतका आहे, जंगल आपलं आपण यायला तयार आहे. आमचं फावडं हा त्यातला अगदी लहान भाग.

बुधवार, १ मे
सुट्टी. खोऱ्यात वर चालत गेलो. दगडी भिंतींचे चौकोन, आत नेचे माजलेले. ही घरं होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हायलँड्समधल्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं उठवली, बरीच माणसं कॅनडाला गेली. पाहुणे या खोऱ्यांना ‘निर्मनुष्य निसर्ग’ म्हणतात तेव्हा बसचालक चिडतात. त्यांची पणजी अशाच एका खोऱ्यातून ग्लासगोला आलेली. मी त्यांना आमच्या पाटण तालुक्याचं सांगितलं. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली, वरच्या डोंगरात अभयारण्य झालं, मग व्याघ्र प्रकल्प. उठलेली माणसं सोलापूरपासून रायगडपर्यंत पांगली. त्यांनी एकच विचारलं, “आणि जंगल कोणाच्या नावावर?”

मग त्यांनीच असिंटची गोष्ट सांगितली. १९९३ साली तिथल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून इस्टेट विकत घेतली. १९९७ मध्ये एग बेटाच्या रहिवाशांनी तेच केलं. जंगलाची गावकी उभी राहायची तर ती अशी राहते. आम्ही आठवड्याचे पाहुणे, पैसे भरून आलेले. त्यात लाज नाही, पण त्याला गावबांधणी म्हणू नये.

गुरुवार, २ मे
स्वयंपाकाची माझी पाळी. मुगाची खिचडी आणि दह्याची कढी. फोडणीचा धूर झाला आणि फायर अलार्म वाजला, सगळे पावसात बाहेर. नंतर पातेलं मात्र पुसून खाल्लं.

जेवताना नर्स कंबोडियाबद्दल बोलली. तिथल्या अनाथालयांत हौशी परदेशी येतात, पैसे देतात, आणि त्या पैशांसाठी आईबाप असलेली मुलंही तिथे ठेवली जातात. टेबल गप्प झालं. मी दुसरी बाजू मांडली. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवकांच्या संस्थेचं पहिलं शिबिर १९२० साली फ्रान्समध्ये, महायुद्धात बेचिराख झालेलं गाव बांधायला, आणि त्या गटात जर्मनही होते. तिचे संस्थापक पिएर सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये राबले. पुढे त्याच संस्थेचे स्वयंसेवक आनंदवनात येऊन इमारती बांधून गेले. महारोग्यांजवळ जायला गाव घाबरत होतं त्या काळात. जर्मन बहिणींना हे ठाऊक नव्हतं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

शुक्रवार, ३ मे
शेवटची रोपं लावून झाली. दुपारी हरणांची शिकार करणारी बाई भेटली. इथे तो पगारी व्यवसाय आहे. संख्या आटोक्यात ठेवायला दरवर्षी हरणं मारावीच लागतात. स्वयंपाकघर शाकाहारी, आणि जंगल बंदुकीच्या भरवशावर. जर्मन बहिणींपैकी धाकटीला हे पटेना, तिने लांडगे परत आणा म्हटलं. बाई म्हणाली, “आणा की. आधी खालच्या मेंढपाळाशी बोलून घ्या.”

रात्री उशिरापर्यंत यावरच वाद. मी बाईच्या बाजूने. धाकटी अजून माझ्याशी नीट बोलत नाही, आणि उद्या इनव्हर्नेसपर्यंत व्हॅनमध्ये आम्हा दोघींची सीट शेजारी आहे.